अल्कलीत जस्त विरघळते कसे आणि थांबते कसे: पहिल्या प्रयोगासाठी मार्गदर्शन

धातूची निष्क्रियता, म्हणजे पृष्ठभागावर थर बसून त्याचे विरघळणे थांबणे, शिकायला सुरुवात करणाऱ्याने पहिला धातू म्हणून जस्त घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. लोखंड, निकेल किंवा क्रोमियम यांच्यावर तयार होणारा संरक्षक थर काही नॅनोमीटर जाडीचा असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, आणि नवख्याला सारा विश्वास पडद्यावरच्या आलेखावर टाकावा लागतो. जस्ताचे तसे नाही. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात जस्ताचे ऑक्सिडीकरण सुरू झाले की पृष्ठभागावरून जड द्रावण ओघळताना दिसते, चकाकी जाते, पांढुरका थर साचतो, पुढे त्याखाली करडा किंवा काळसर थर धरतो आणि विद्युतधारा कोसळते. आलेख आणि डोळा एकाच वेळी एकच गोष्ट सांगतात, आणि ही सवय पुढे कोणत्याही धातूवर काम करताना उपयोगी पडते.

प्रयोगाला हात घालण्यापूर्वी आत काय घडते ते नीट समजून घ्यावे. जस्त उभयधर्मी आहे, म्हणजे ते आम्लात विरघळते तसेच तीव्र अल्कलीतही विरघळते. जस्ताचा एक अणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो आणि चार हायड्रॉक्साइड आयनांना धरून झिंकेट आयन बनून द्रावणात जातो. एका अणूमागे चार हायड्रॉक्साइड खर्च होतात, ही बाब पक्की ध्यानात ठेवावी, कारण निष्क्रियतेचे मूळ तिथेच आहे. विद्युतधारा वाढवत नेली की पृष्ठभागाला लागून असलेल्या पातळ थरात झिंकेट साचत जाते आणि हायड्रॉक्साइड कमी होत जाते. बाहेरच्या द्रावणातून नवे हायड्रॉक्साइड विसरणाने (जास्त संहतीकडून कमी संहतीकडे आपोआप पसरत) येते, पण त्याचा वेग मर्यादित असतो. अखेर त्या थरात झिंकेट मावेनासे होते, झिंक ऑक्साइड किंवा हायड्रॉक्साइड घनरूपात बाहेर पडते आणि धातू झाकला जातो. म्हणून जस्ताची निष्क्रियता ही जितकी धातूची गोष्ट आहे तितकीच त्याला चिकटलेल्या द्रावणाची आहे. द्रावण ढवळले, इलेक्ट्रोड उभा धरला की आडवा, तापमान दोन अंशांनी वाढले, अशा प्रत्येक फरकाने उत्तर बदलते, आणि त्या बदलाला चूक न समजता माहिती समजावे.

या थरांविषयी पॉवर्स आणि ब्रायटर या संशोधकांनी १९६९ साली केलेली विभागणी आजही वापरली जाते. पहिल्या प्रकारचा थर पांढरा, सैल आणि सच्छिद्र असतो. तो अतिसंपृक्त द्रावणातून अवक्षेप होऊन पृष्ठभागावर बसतो आणि एकटा असेपर्यंत धातूचे विरघळणे पूर्णपणे थांबवत नाही. दुसऱ्या प्रकारचा थर घट्ट असतो, थेट धातूवर वाढतो, त्याचा रंग फिक्या करड्यापासून काळ्यापर्यंत असतो, आणि खरी निष्क्रियता या दुसऱ्या थरामुळे येते. पांढरे दिसले की ‘झाले निष्क्रिय’ असे लिहून टाकण्याची घाई करू नये.

द्रावण तयार करणे

सुरुवातीला १ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइड घ्यावे. ०.१ मोलरमध्ये जस्त फार लवकर झाकले जाते आणि विरघळण्याचा टप्पा नीट पाहायला मिळत नाही. ६ मोलरमध्ये धारा इतक्या मोठ्या होतात की द्रावणाच्या रोधामुळे येणारी चूक सावरणे नवख्याला जड जाते. बॅटरीत वापरतात त्या तीव्र द्रावणांकडे नंतर वळता येते.

पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा मोलार वस्तुमान ५६.११ ग्रॅम आहे, पण बाटलीतल्या गोळ्या शंभर टक्के शुद्ध नसतात. त्यांत पाण्याचा वाटा बराच असतो आणि लेबलवर साधारण ८५ टक्के असा आकडा आढळतो. म्हणून एक लिटर १ मोलर द्रावणासाठी ५६ ग्रॅम न घेता सुमारे ६६ ग्रॅम घ्यावे लागतात. नक्की संहती हवी असेल तर प्रमाणित आम्लाने अनुमापन करावे. गोळ्या पाण्यात थोड्या थोड्या टाकाव्यात. गोळ्यांवर पाणी ओतू नये, कारण विरघळताना भरपूर उष्णता निघते आणि उकळते अल्कली अंगावर उडू शकते. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय बाटलीचे झाकणसुद्धा उघडू नये. अल्कली डोळ्यात गेली तर आम्लापेक्षा खोल इजा करते. तसे झाल्यास वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटे डोळा धुवावा आणि धुऊन झाल्यावर थेट डॉक्टरांकडे जावे.

द्रावण काचेच्या बाटलीत साठवू नये. तीव्र अल्कली काच हळूहळू खाते, द्रावणात सिलिकेट उतरते आणि काचेचे बूच असे घट्ट बसते की निघत नाही. पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनची बाटली घ्यावी आणि ती भरून, झाकण घट्ट लावून ठेवावी, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून अल्कलीचे कार्बोनेट होते. सेलही, म्हणजे प्रयोगाचे भांडेही, शक्य तर प्लास्टिकचा असावा. समोरची बाजू पारदर्शक असेल तर फारच उत्तम, कारण या प्रयोगात पाहण्यासारखे खूप असते.

जस्ताचा इलेक्ट्रोड

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. ९९.९ टक्के किंवा त्याहून शुद्ध जस्ताचा दांडा घ्यावा. ८ मिलिमीटर व्यासाचा असेल तर त्याच्या टोकाचे क्षेत्रफळ ०.५ चौरस सेंटिमीटर भरते आणि हिशेब सोपा होतो. मागच्या बाजूला तांब्याची तार जोडून सगळा दांडा इपॉक्सीत बसवावा, फक्त पुढचे गोल टोक उघडे ठेवावे. तांब्याचा किंवा डाखाचा कणभरही भाग द्रावणाला लागता कामा नये. जस्तावर हायड्रोजन फार संथ सुटतो, म्हणूनच जस्त अल्कलीत टिकते. दुसरा धातू संपर्कात आला की त्यावर हायड्रोजन झपाट्याने सुटू लागतो आणि जस्त तुमच्या उपकरणाची (विभव आणि धारा नियंत्रित करणाऱ्या पोटेन्शिओस्टॅटची) वाट न पाहता आपोआप विरघळते.

इपॉक्सी आणि धातू यांच्यामधली फट हा नवख्यांचा जुना शत्रू आहे. माझ्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांत निष्क्रिय टप्प्यातली धारा काही केल्या खाली येत नव्हती, आणि मी थराविषयी मोठमोठे तर्क लढवत होतो. शेवटी भिंगाखाली पाहिले तेव्हा कडेने केसाएवढी फट दिसली. मधला भाग काळा पडून शांत झाला होता आणि फटीतले जस्त चुपचाप विरघळत होते. तेव्हापासून प्रत्येक प्रयोगाआधी आणि नंतर कड भिंगाने पाहण्याचा नियम मी पाळतो, आणि तो तुम्हीही पाळावा.

पृष्ठभाग पॉलिश पेपरवर ओला ठेवून घासावा: ४००, ६००, ८०० आणि शेवटी १२०० नंबर. प्रत्येक नंबरवर घासण्याची दिशा ९० अंशांनी बदलावी आणि आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढच्या कागदावर जाऊ नये. जस्त मऊ असल्याने जोर लावला की कागदाचे कण त्यात रुततात, म्हणून हात हलका ठेवावा. शुद्ध पाण्याने, मग इथेनॉलने धुऊन लगेच सेलमध्ये घालावा. घासलेले जस्त टेबलावर पडून राहिले तर त्यावर हवेतला थर चढतो आणि दोन दिवसांचे आलेख एकमेकांशी जुळत नाहीत.

रेफरन्स आणि काउंटर इलेक्ट्रोड

जस्ताचा विभव (व्होल्टमध्ये मोजली जाणारी विद्युत पातळी) ज्याच्या तुलनेत मोजतात तो स्थिर इलेक्ट्रोड म्हणजे रेफरन्स. प्रयोगशाळेत हाताशी असतो तो बहुधा सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड रेफरन्स. अल्कलीत तो वापरू नये. त्याच्या टोकातून क्लोराइड झिरपून तुमच्या द्रावणात येते आणि उलट आत शिरलेले हायड्रॉक्साइड सिल्व्हर क्लोराइडचे ऑक्साइड करते, त्यामुळे त्याचा विभव सरकत राहतो. अल्कलीसाठी मर्क्युरी-मर्क्युरिक ऑक्साइड रेफरन्स योग्य, आणि त्यात सेलमध्ये आहे तेच पोटॅशियम हायड्रॉक्साइड भरावे. १ मोलर अल्कलीत त्याचा विभव प्रमाण हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत सुमारे +०.०९८ व्होल्ट असतो. त्यात पारा असतो, तेव्हा तो फुटू न देणे आणि फुटल्यास पारा नीट गोळा करणे ही जबाबदारी समजूनच तो हाताळावा.

काउंटर, म्हणजे धारेचा मार्ग पूर्ण करणारा दुसरा इलेक्ट्रोड, म्हणून निकेलची जाळी चांगली चालते. तिचे क्षेत्रफळ जस्तापेक्षा कितीतरी मोठे असावे. काही प्रयोगांनंतर जाळीवर करडा, स्पंजासारखा थर दिसेल; द्रावणातले झिंकेट तिथे पुन्हा जस्त होऊन बसलेले असते. तो सौम्य आम्लात धुऊन काढावा आणि जाळी पाण्याने स्वच्छ करूनच परत लावावी.

रेफरन्सचे टोक जस्ताजवळ आणावे, पण त्याला झाकू नये. टोकाच्या बाहेरच्या व्यासाच्या दुप्पट अंतर साधारणपणे पुरते. हे अंतर का महत्त्वाचे ते एका हिशेबाने कळते. जस्त आणि रेफरन्स यांच्यामध्ये २ ओहम रोध उरला असेल आणि ०.५ चौरस सेंटिमीटरवर १०० मिलिअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे ५० मिलिअँपिअर धारा वाहत असेल, तर विभवात पूर्ण ०.१ व्होल्टची चूक येते. जस्ताच्या आलेखात विरघळण्याचा टप्पा अनेकदा तिरप्या सरळ रेषेत वर चढताना दिसतो, ती रेषा पुष्कळदा जस्ताची नसून या रोधाची असते. उपकरणात रोध मोजून भरपाई करण्याची सोय असेल तर ती वापरावी, आणि किती भरपाई केली ते वहीत लिहावे.

पहिले मापन: नुसते बघणे

सेलमधून २० ते ३० मिनिटे नायट्रोजन सोडून विरघळलेला ऑक्सिजन घालवावा. मग नायट्रोजनची नळी द्रावणाच्या वर घ्यावी, म्हणजे बुडबुड्यांनी द्रावण ढवळले जाणार नाही. आता कोणतीही धारा न लावता जस्ताचा विभव दहा मिनिटे नोंदवावा. १ मोलर द्रावणात, मर्क्युरी-मर्क्युरिक ऑक्साइडच्या तुलनेत, तो साधारण −१.४ व्होल्टच्या आसपास स्थिरावतो. याच द्रावणात, याच रेफरन्सच्या तुलनेत, हायड्रोजनचा समतोल विभव −०.९३ व्होल्टच्या जवळ येतो. जस्त त्याच्या बरेच खाली आहे, म्हणजे तत्त्वतः ते पाण्यातून हायड्रोजन सोडवत आपोआप विरघळायला हवे, आणि ते विरघळतेही, फक्त फार संथपणे. पृष्ठभागावर अधूनमधून बारीक बुडबुडा दिसला तर घाबरू नये. सतत धार लागली तर मात्र अशुद्धी किंवा उघडी पडलेली तार शोधावी. याच कारणाने जस्त आणि अल्कली एकत्र असलेली बाटली कधीही घट्ट बंद करून ठेवू नये.

विभव सरकवत नेणे

−१.६ व्होल्टवर दोन मिनिटे थांबावे. हवेतला उरलासुरला थर तिथे निघून जातो. मग सेकंदाला १० मिलिव्होल्ट वेगाने −०.६ व्होल्टपर्यंत जावे आणि त्याच वेगाने परत यावे. जायला १०० सेकंद, यायला १०० सेकंद. पहिल्या फेरीत पडद्याकडे कमी आणि जस्ताकडे जास्त पाहावे, असे मी आग्रहाने सांगतो. मागून दिव्याचा प्रकाश येईल अशी सोय केली आणि इलेक्ट्रोडचे टोक उभ्या पातळीत ठेवले, तर धारा वाढू लागताच त्या टोकाच्या खालच्या कडेवरून पाकासारखी एक लहरती रेघ खाली घसरताना दिसते. झिंकेटने भरलेले द्रावण आजूबाजूच्या द्रावणापेक्षा जड असते, तेच हे ओघळणे. मग चकाकी मंदावते, पांढुरकी साय धरते, आणि पाहता पाहता रंग गडद होतो. नेमक्या त्याच सुमारास धारा शिखरावरून घसरते.

आलेखात चार गोष्टी शोधाव्यात. धारा चढत जाते तो सक्रिय टप्पा, मग शिखर, मग धारा एकदम पडून तुलनेने सपाट राहते तो निष्क्रिय टप्पा. चौथी गोष्ट परतीच्या वाटेवर आहे आणि तिथे जवळजवळ प्रत्येक नवखा गोंधळतो: विभव खाली येत असतानाही धारा अचानक पुन्हा ॲनोडी (जस्त विरघळण्याच्या) दिशेनेच उसळते. तारा उलट्या जोडल्या गेल्या की काय, अशी शंका येते. तारा बरोबर असतात. निष्क्रिय टप्प्यात धारा कमी असताना पृष्ठभागाजवळचे झिंकेट विसरणाने दूर पसरून गेलेले असते आणि ताजे हायड्रॉक्साइड परत आलेले असते. विभव पुरेसा खाली आला की थर जितक्या वेगाने विरघळतो तितक्या वेगाने नव्याने बनू शकत नाही, उघडे जस्त एकदम मोकळे होते आणि पुन्हा जोमाने विरघळते. हे परतीचे शिखर दिसले म्हणजे तुमचा प्रयोग जमला, असे खुशाल समजावे.

शिखर नेमक्या किती व्होल्टला यावे, असा प्रश्न हमखास विचारला जातो. संहती, तापमान, सरकण्याचा वेग आणि भरपाई न झालेला रोध या सगळ्यांनी ते हलते, म्हणून एकटा आकडा पाठ करण्यात अर्थ नाही. तीन वेळा नव्याने घासून तेच शिखर जवळपास त्याच जागी येते का, हे पाहणे जास्त मोलाचे. त्यानंतर वेग ५, २०, ५० मिलिव्होल्ट असा बदलावा. शिखराची उंची वेगाच्या वर्गमुळाबरोबर वाढत असेल तर द्रावणातले विसरण सूत्रधार आहे. थेट वेगाच्या प्रमाणात वाढत असेल तर पृष्ठभागावरचा थर. मग एकदा चुंबकी ढवळणी चालू करून पाहावे: शिखर उंच होईल आणि निष्क्रियता उशिरा येईल. सुरुवातीला सांगितलेली चार हायड्रॉक्साइडची गोष्ट इथे आकड्यांत दिसते.

स्थिर धारेचा प्रयोग

माझ्या दृष्टीने जस्ताचा सर्वांत बोलका प्रयोग हाच. आता इलेक्ट्रोडचे टोक आडव्या पातळीत, तोंड वर करून ठेवावे आणि ढवळणी बंद करावी. जड झिंकेट असे ठेवले की जागेवर थर धरून राहते, ओघळत नाही. तोंड खाली केले तर ते गळून पडते आणि निष्क्रियता लांबते. एक ठरावीक धारा लावून विभव नोंदवत राहावे. बराच वेळ तो जवळपास स्थिर राहतो आणि मग काही क्षणांत उडी मारून वर जातो. त्या उडीपर्यंतचा वेळ म्हणजे निष्क्रियतेचा काळ.

विसरण हेच कारण असेल तर धारा घनता आणि या काळाचे वर्गमूळ यांचा गुणाकार स्थिर राहायला हवा. १९०१ साली सँड यांनी मांडलेल्या समीकरणाचाच हा परिणाम आहे. समजा ५० मिलिअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटरला ४० सेकंद लागले, तर १०० ला २० नव्हे, १० सेकंदच लागायला हवेत. धारा दुप्पट, काळ चौथाई. ५०, ७०, १०० आणि १४० अशा चार धारांवर, प्रत्येक वेळी नव्याने घासून, हा गुणाकार तपासावा. फार कमी धारेवर तो जुळत नाही, कारण तिथे नैसर्गिक प्रवाह झिंकेट वाहून नेण्याइतका पुरा पडतो आणि उडी येतच नाही. म्हणून अभ्यासक समीकरणात धारेतून एक मर्यादा-धारा वजा करतात.

सोबत फॅरेडेचा हिशेबही करावा. ०.५ चौरस सेंटिमीटरवर ५० मिलिअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे २५ मिलिअँपिअर. ४० सेकंदांत १ कूलोम. जस्ताच्या एका मोलला दोन इलेक्ट्रॉन, म्हणजे १,९२,९७० कूलोम लागतात आणि त्याचे वस्तुमान ६५.३८ ग्रॅम, म्हणून १ कूलोमला ०.३४ मिलिग्रॅम जस्त जाते. घनता ७.१४ धरली तर पृष्ठभाग सुमारे १ मायक्रोमीटर खाली जातो. एवढ्याशा धातूच्या विरघळण्याने त्याच्यासमोरचे द्रावण भरून जाते, हे या आकड्यातून उमगते. अल्कलाइन बॅटरीत जस्त पत्र्याऐवजी भुकटीच्या रूपात का भरतात, त्याचेही उत्तर इथेच मिळते: क्षेत्रफळ प्रचंड वाढले की प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरची धारा कमी होते, आणि जस्त संपण्याआधीच झाकले जाण्याचा धोका टळतो.

वहीत प्रत्येक आकड्याशेजारी द्रावणाची संहती, तापमान, रेफरन्स, इलेक्ट्रोडची दिशा, ढवळणी आणि शेवटच्या घासणीचा नंबर लिहावा. यांतली एक गोष्ट राहिली तरी तो आकडा महिन्याभराने तुमच्या स्वतःच्याही उपयोगाचा राहत नाही. काळा पडलेला पृष्ठभाग धुऊन, वाळवून लगेच त्याचा फोटो घ्यावा.

शेवटी द्रावणाचे काय करायचे ते. वापरलेले द्रावण मूळ बाटलीत परत ओतू नये आणि दुसऱ्या दिवशीच्या मापनासाठीही ठेवू नये. विद्युतधारेने विरघळवलेले झिंकेट झिंक ऑक्साइडच्या विद्राव्यतेपेक्षा जास्त प्रमाणात द्रावणात तरंगत राहू शकते आणि सावकाश अवक्षेपित होते. आज निवळशंख दिसणाऱ्या द्रावणातले थोडे, पाहण्यापुरते, एखाद्या झाकण सैल ठेवलेल्या प्लास्टिकच्या भांड्यात बाजूला ठेवून द्यावे. काही दिवसांनी तळाला पांढरी भुकटी बसलेली दिसू शकते. बाकीचे द्रावण थंड ठेवून, थेंबाथेंबाने आम्ल घालत सामू ९ ते १० च्या दरम्यान आणावा, बाहेर पडलेले झिंक हायड्रॉक्साइड गाळून धातूंच्या कचऱ्याच्या डब्यात टाकावे, आणि उरलेले पाणी प्रयोगशाळेच्या नियमांप्रमाणे उदासीन करूनच सोडावे.